नाव सांगा: बोलणारी झाडं, जंगलातली गस्त आणि शेवटी मैदानातून पळणारे दोघं

देवळालीची_लेक

मंडळी, एक जुना इंग्रजी सिनेमा शोधतेय. नाव माहीत नाही, नट माहीत नाहीत आणि शेवटही बघितलेला नाही. म्हणजे तुमची परीक्षाच आहे.

साल १९७९च्या आसपासचं, मी तिसरीत होते. अण्णा देवळाली कॅम्पात स्टोअरकीपर होते, सिव्हिलियन. शनिवारी रात्री मैदानावर पडदा लागायचा. दोन बांबू, मध्ये पांढरं कापड, आणि मागे १६ एमएमच्या मशीनची घरघर. बहुतेक वेळा हिंदी सिनेमा, पण अधूनमधून एखादा इंग्रजी, तो हमखास लढाईचा. आठवडाभर तोफा उडवणाऱ्यांना सुट्टीच्या रात्री परत तेच का बघायचं असतं, हा आईचा प्रश्न. ती यायची नाही. मी आणि अण्णा सतरंजी घेऊन जायचो.

आता मला आठवतं ते असं:

गोरे सैनिक जंगलात चाललेत. दहा-पंधरा असतील. पण त्यातल्या एकालाही जायचं नाहीये. कुरकुरतात, बसकण मारतात, साहेबाला उलट बोलतात. तोपर्यंत सिनेमातला सैनिक म्हणजे छाती काढून चालणारा एवढंच मला माहीत होतं. हे आमच्या गल्लीतल्या मुलांसारखे होते, कामाला पाठवलं की तोंड वाकडं.

झाडं बोलतात. खरंच. रात्री जंगलात ते लपून बसलेत आणि झाडाला टांगलेल्या कर्ण्यातून एक जपानी साहेब शांतपणे त्यांच्याशी बोलतोय. ओरडत नाही, शाळेतले हेडमास्तर प्रार्थनेनंतर बोलतात तसं. त्या रात्रीनंतर पुढचा महिनाभर मी अंगणातल्या शेवग्याखालून एकटी गेले नाही.

सगळे डावखुरे होते. हे अण्णांना सांगितलं की ते हसतात, पण मी शपथेवर सांगते, बंदुका डाव्या हाताने चालवत होते.

आणि शेवट. जंगल संपतं, पुढे मोठं मोकळं मैदान, पलीकडे त्यांची छावणी. दोघंच उरलेत. एक जपानी भाषा येणारा अमेरिकन, दुसरा औषधांची पिशवी असलेला, सतत टोमणे मारणारा. ते पळायला लागतात, मागून गोळ्या. आणि तेवढ्यात लाईट गेली.

गेली ती गेली. आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात वाद सुरू झाला तो अजून आहे. अण्णा म्हणतात, अमेरिकन पोचला. मी म्हणते, पिशवीवाला. अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत, रविवारी फोनवर दुसरं काही बोलायला नसलं की अजून हाच विषय निघतो. जावई बापडे मध्ये पडत नाहीत.

तर नाव काय, आणि पोचलं कोण?

कोकणकडा

ताई, परीक्षा सोपी आहे. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', १९५७. विल्यम होल्डनचा शीअर्स जपान्यांच्या छावणीतून जीव मुठीत धरून पळून येतो, आणि इंग्रज त्याला कात्रीत पकडून परत त्याच जंगलात पूल उडवायला पाठवतात. जायची इच्छा नसलेला अमेरिकन, जंगल, जपानी साहेब. सगळं जुळतं.

जाता जाता: सिनेमात जे थायलंड दिसतं ते श्रीलंका आहे. कितुलगल्ला इथे केलानी नदीवर तो पूल बांधला होता आणि खराखुरा उडवला. मी २०१४ला तिथे गेलो होतो. काठावर काँक्रीटचे पाये अजून दिसतात, शेजारून राफ्टिंगवाल्या पोरांच्या किंकाळ्या. आमचा गाईड शिट्टीवर त्यातलं ते मार्चचं संगीत वाजवत होता, दर दहा मिनिटांनी.

देवळालीची_लेक

कोकणकडा, धन्यवाद, पण तो नाही. तो मी पुढे दोनदा बघितलाय. आमच्या सिनेमात पूल नव्हताच. बोलणारी झाडंही क्वायमध्ये नाहीत. आणि त्यातला जपानी कर्नल तापट आहे, रडतोसुद्धा. आमचा थंड होता. तरुण, देखणा. (आठ वर्षांच्या मुलीला हे कळतं, हो.)

रीळवाला

धाग्यावर उशिरा आलो, पण बरं झालं, कोकणकड्यांनी आधी चुकून घेतलं.

'टू लेट द हीरो', १९७०. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्ड्रिच, 'द डर्टी डझन'वाला. पिशवीवाला म्हणजे मायकेल केन, गस्तीबरोबर आलेला वैद्यकीय शिपाई टॉश हर्न. जपानी बोलणारा अमेरिकन म्हणजे क्लिफ रॉबर्टसन, नौदलाचा लेफ्टनंट लॉसन. आणि तुमचा थंड, देखणा साहेब म्हणजे केन ताकाकुरा, जपानमधला त्या काळचा प्रचंड मोठा स्टार. तेव्हा आठव्या वर्षीची तुमची नजर चांगलीच होती.

आता डावखुऱ्यांचं. ताई, तुम्ही पडद्याच्या कुठल्या बाजूला बसला होतात? पातळ कापड असेल तर चित्र आरपार जातं आणि मागे बसलेल्यांना आरशासारखं उलटं दिसतं. आमच्या गावच्या जत्रेतल्या तंबूत मागची बाजू स्वस्त असायची. मी कित्येक वर्षं समजत होतो की अमिताभ दोन्ही हातांनी मारतो. (तो मुळात डावखुरा, त्यामुळे मागून उजवा दिसायचा. शाळेत यावरून मारामारी झालेली आहे.)

सिनेमाबद्दल थोडं. लॉसन जपानी जाणतो, पण सगळं युद्ध त्याने गोळी न ऐकता काढलंय. रजेवर जायच्या बेतात असताना वरिष्ठ त्याची रजा रद्द करून त्याला इंग्रजांच्या तुकडीबरोबर पाठवतो. तो वरिष्ठ म्हणजे हेन्री फोंडा. एवढा मोठा नट फक्त एवढंच करायला येतो: एका माणसाची रजा रद्द करतो आणि सिनेमातून निघून जातो. मला हे फार आवडतं. ऑफिसात नोकरी केलेल्या कुणालाही आवडेल. काम काय, तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला जपान्यांचं वायरलेस ठाणं आहे ते उडवायचं, आणि त्याआधी लॉसनने जपानीत खोटा संदेश पाठवायचा, म्हणजे अमेरिकन जहाजं सुखरूप जातील.

चित्रीकरण फिलिपाइन्समध्ये, बोराकाय बेटावर. आज जिथे लोक हनिमूनला जातात तिथे. कथेतलं बेट न्यू हेब्रिडीजमधलं आहे, म्हणजे आताचं वानुआतू, आणि इथे लेखकांनी सरळ थाप मारली आहे, कारण जपानी तिथवर कधी पोचलेच नाहीत. तो सगळा भाग अमेरिकेचा मोठा तळ होता. पण जंगल खरं आहे आणि घाम खरा आहे. मायकेल केन तर स्वतः सक्तीच्या लष्करी सेवेत कोरियाच्या लढाईत जाऊन आलेला. त्यामुळे 'मला इथे कशाला आणलं' हा चेहरा त्याला वेगळा शिकावा लागला नसणार.

रॉबर्टसनची आणखी गंमत. याच चित्रीकरणाच्या वेळी त्याला 'चार्ली'साठी सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, आणि पठ्ठ्या समारंभात नव्हता, इकडे फिलिपाइन्सच्या जंगलात होता. रजा रद्द झालेल्या माणसाचं काम करताना खरी रजासुद्धा बुडली.

शेवट सांगू का? अण्णांचं वय बघता मला जबाबदारीची भीती वाटते.

देवळालीची_लेक

अहो रीळवाला! अगदी मागेच बसायचो. पुढे जवान आणि त्यांच्या फॅमिल्या, पडद्याच्या मागच्या बाजूला आम्ही सिव्हिलियन. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे ते दोघं उजवीकडून डावीकडे पळत होते तेही उलटंच.

शेवट सांगू नका, थांबा. आधी सिनेमा मिळतोय का बघते. अण्णांसमोरच होऊन जाऊ दे.

बाणेदार

मला एक कळत नाही, असले रडके युद्धपट लोक शोधून शोधून का बघतात? सैनिक म्हटला की आज्ञा. जायचं नाही, कंटाळा आला, साहेब मूर्ख आहे, हे सगळं हॉलिवूडचं खूळ. आपल्याकडे असं होत नाही.

नि_सुभेदार_सातारा

बाणेदार, आपण किती वर्षं नोकरी केली? सहज विचारतोय.

मी हा सिनेमा पलटणीत असतानाच बघितला. सरळ बाजूने. ताई, तुमच्या आईंचा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर सांगतो. आम्ही लढाईचा सिनेमा चुका काढायला बघतो. असला सिनेमा लागला की पुढच्या रांगेतून अखंड कॉमेंट्री चालू असते, हिरोईन असली तरी एवढी नसते.

या सिनेमात एक चूक आहे ती सिनेमावाल्यांची नाही, त्यातल्या कॅप्टनची आहे, आणि ती मी पुढे नव्या पोरांना शिकवताना उदाहरण म्हणून सांगत असे. तो वाटेवर घात लावतो आणि आपली माणसं वाटेच्या दोन्ही अंगाला समोरासमोर बसवतो. शत्रू मध्ये आला, दोन्हीकडून फायर, आणि आपलीच माणसं आपल्याच गोळीने मेली. घात लावायचा तर एका अंगाला, फार तर वाटेच्या वळणावर काटकोनात. समोरासमोर कधी नाही. आमच्या मैदानात हा सीन आला तेव्हा गोळी सुटायच्या आधीच शेपन्नास जण ओरडले होते, "अरे साहेब!"

त्या माणसांना जायचं नव्हतं त्यातलं निम्मं कारण हे आहे. मरणाची भीती सगळ्यांनाच असते, तिची सवय होते. पण पुढे चालणाऱ्याला काम येत नाही हे एकदा पाठीमागच्याला कळलं, की पाय जड होतात.

जंगलाचं म्हणाल तर मी मिझोराममध्ये वैरेंगतेला होतो, जंगलातल्या लढाईचं शिक्षण देणारी आपली शाळा आहे तिथे. कळकाच्या बेटात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. दिवसभरात दोन-तीन किलोमीटर झालं तरी खूप. जळवा बुटाच्या नाडीच्या भोकातून आत जातात, खिशात मीठ आणि तंबाखू ठेवावी लागते. तिथे माणूस "मी येत नाही" असं म्हणत नाही. सिनेमात म्हणतात कारण तिथे बोलावं लागतं. खऱ्यात तो बुटाची नाडी बांधायला खाली बसतो आणि जरा जास्त वेळ बसतो. पाण्याची बाटली भरायला मागे राहतो. पोट दुखतं. नाईकाला सगळं कळतं, पण तोही काही बोलत नाही, कारण सकाळी त्याचंही दुखलेलं असतं. आणि मग सगळे उठतात आणि चालायला लागतात. बाणेदार, आज्ञा म्हणजे हे शेवटचं वाक्य. आधीची गाळली तर ती स्वस्त होते.

आता त्या मैदानाचं. ताईंना ते लक्षात राहिलं, मलाही तेच. सिनेमाची सुरुवातही तिथेच आहे. परत येणारी गस्त त्या मोकळ्या जागेतून पळत येते आणि जपानी जंगलाच्या कडेवरून टिपतात. नवीन माणसाला वाटतं, एवढी मोकळी जागा मध्ये ठेवलीच कशाला. तर ती आपणच मोकळी केलेली असते. झाडं तोडून, झुडपं जाळून. शत्रू लपत येऊ नये, आपल्या मशीनगनला समोर स्वच्छ दिसावं म्हणून. म्हणजे आत असाल तर ते मैदान तुमचा जीव वाचवतं आणि बाहेर राहिलात तर तेच मैदान घेतं. हे शिकवताना फळ्यावर काढता येतं, पण सिनेमात जेवढं कळतं तेवढं फळ्यावर कळत नाही.

बोलणाऱ्या झाडांचंही सांगतो. ते काही लेखकाच्या कल्पनेतलं नाही. माझे आजोबा पाचव्या मराठा रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये होते, मणिपूरमध्ये सांगशाकला. २२ ते २६ मार्च १९४४. ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ही मराठा बटालियन एका टेकडीवर अडकली होती, चारी बाजूंनी जपानी. आजोबा लढाईबद्दल बोलतच नसत. पाण्याबद्दल बोलत. टेकडीवर पाणी नव्हतं, विमानातून पॅराशूटने टाकलेलं सामान निम्म्याहून जास्त जपान्यांच्या हद्दीत जाऊन पडायचं आणि हे वरून बघत बसायचे. शेवटी २६च्या रात्री माघारीचा हुकूम आला. ज्यांना चालता येत नव्हतं ते मागे राहिले. हे वाक्य झालं की आजोबा उठून गोठ्यात जायचे.

त्या आघाडीवर रात्री हाका यायच्या. जपानी मोडक्या इंग्रजीत गोऱ्यांना डिवचायचे. आपल्या माणसांना मात्र हिंदुस्थानीत हाक यायची, कारण पलीकडे आझाद हिंद सेनेची माणसंही होती. "भाई, तुम किसके लिए लड रहे हो." आता बोला. सिनेमातल्या गोऱ्याला कर्ण्यातून परका माणूस बोलावतोय, त्याला नाही म्हणणं सोपं आहे. आपल्यातलाच एक, कदाचित एकाच बराकीत राहिलेला, अंधारातून विचारतोय आणि प्रश्न खोटा नाहीये. आजोबांना मी एकदाच विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं? म्हणाले, "पाणी आहे का विचारलं."

खरं की चेष्टा, मला आजपर्यंत समजलेलं नाही.

कोकणकडा

सुभेदार साहेब, __/\__. क्वायवाला प्रतिसाद मागे घेतो, राफ्टिंगसकट.

बाणेदार

माझी नोकरी बँकेत झाली. मुद्दा लक्षात आला.

रीळवाला

सुभेदारांनंतर सिनेमाबद्दल बोलणं जड जातंय, तरी एक सांगतो. हा सिनेमा आला तेव्हा अमेरिका व्हिएतनाममध्ये होती. ऑल्ड्रिचने जंगल दुसऱ्या महायुद्धाचं घेतलं, पण थिएटरात बसलेल्यांना कुठलं जंगल आठवत असेल ते उघड आहे. नावांच्या वेळी पडद्यावर झेंडे दिसतात, इंग्रजांचा, अमेरिकेचा, जपानचा, आणि हळूहळू तिन्ही फाटत चिंध्या होतात. तिन्ही, हे महत्त्वाचं. जपानी मेजर यामागुची राक्षस नाही, तो त्याचं काम नीट करतोय एवढंच. इंग्रज कॅप्टन मूर्ख आहे पण भित्रा नाही. लॉसन हुशार आहे पण ऐन वेळी त्या वायरलेसच्या खोलीत पाऊल टाकत नाही, म्हणतो मला एवढाच हुकूम होता. मग कॅप्टन जातो आणि मरतो. आता यातला शूर कोण, हे ठरवायला बसलात तर ताई आणि अण्णांसारखी चाळीसेक वर्षं जातील.

लांबी मात्र जास्त झाली आहे हे कबूल. मधला अर्धा तास भांडणंच चालतात.

देवळालीची_लेक

मंडळी, अपडेट.

भाच्याने कुठूनतरी सिनेमा मिळवून दिला. काल नाशिकला गेले आणि टीव्हीला लावला. अण्णांनी आधी चष्मा पुसला, मग कानाचं मशीन लावलं, मग ते शिट्टी मारतंय म्हणून काढलं. त्यामुळे आवाज एवढा की शेजारच्या कुलकर्णीकाकू येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

पहिली गोष्ट, कुणीही डावखुरं नाही. मला थोडं वाईटच वाटलं.

दुसरी, अण्णांनी तेव्हा कानात सांगितलेली गोष्ट आणि खरी गोष्ट यांत भरपूर फरक आहे. त्या इंग्रजांचे उच्चार अण्णांना कळत नव्हते आणि ते पदरचं घालून सांगत होते, हे काल उघडकीला आलं. त्यांच्या गोष्टीत पिशवीवाला डॉक्टरीला नापास झालेला मुलगा होता आणि घरी त्याची म्हातारी आई वाट बघत होती. सिनेमात आईचा पत्ताच नाही. मी तिच्यासाठीच तर तो पोचावा म्हणत होते.

घाताचा प्रसंग आला तेव्हा मी सुभेदारांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. अण्णा म्हणाले, "बरोबर आहे. पडद्यापलीकडून तेव्हा ओरडलेच होते सगळे. आपल्याला वाटलं साप निघाला."

मग ते मैदान. रीळवाला, ज्यांनी बघितलेला नाही त्यांनी इथे थांबा.

पिशवीवाला पोचतो. अमेरिकन पडतो. छावणीतून बघणाऱ्यांनाही लांबून कोण कुठला ते ओळखू येत नाही. मग इंग्रज कर्नल विचारतो, तो दुसरा कोण होता, आणि हर्न सांगतो की तो वीर होता, त्याने इतके जपानी एकट्याने मारले. आणि तो आकडा लगेच वाढवतोही, जसा भाजीवाला हातचा मूठभर घालतो तसा.

म्हणजे मी जिंकले. मी टाळी वाजवली. अण्णा गप्प. मी म्हटलं, अण्णा, त्या दिवशी लाईट गेली नसती तर हा वाद झालाच नसता.

तर म्हणाले, "लाईट कुठे गेली होती?"

म्हटलं, म्हणजे?

"तू भोकाड पसरलंस. ते पळायला लागले तशी 'थांबवा, थांबवा' करून. पलीकडचे लोक बघायला लागले. मग तुला उचललं आणि निघालो. गेटपर्यंत डोळे घट्ट मिटून होतीस, त्यामुळे अंधार झाला असेल."

मी विचारलं, मग तुम्ही? तुम्ही तर शेवट बघितला असेल ना? इतकी वर्षं अमेरिकन, अमेरिकन करताय.

"मी कुठून बघणार? तू खांद्यावर होतीस, पाठ पडद्याकडे. मागून गोळ्यांचा आवाज येत होता तेवढा."

कुलकर्णीकाकूंनी विचारलं, चहा टाकू का. अण्णा म्हणाले, टाका, आणि ते शेवटचं जरा परत लाव.